तुझा पात्यांचा डबा

त्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दाढीला बसलो होतो आणि आरसा तू धरला होतास. खांबावरचा खिळा निघून पडला तेव्हापासून आरसा तुझ्याच हातात. "येक खिळा ठोकायला काय जातं तुमचं," असं तू येता-जाता म्हणायचीस आणि मी उद्या म्हणायचो. तुझा हात हलला की माझा गाल आरशाबाहेर जायचा. मी सरळ धर म्हणून ओरडायचो, मग तू मुद्दाम अजून हलवायचीस. पातं पार गेलेलं होतं. केस कापायचे सोडून उपटत होतं. "टाका आता ते," तू म्हणालीस, "कोंबडी सोलल्यागत तोंड दिसाया लागलं." मी दाढीच्या यंत्राचं मळसूत्र फिरवून पातं काढलं, तांब्यातल्या पाण्यात खळबळलं. तू आत जाऊन कोनाड्यातला डबा आणलास. मी डब्याच्या फटीत पातं सोडलं. तू डबा कानाशी नेऊन हलवलास, दर वेळी हलवायचीस तसा, आणि म्हणालीस, "अजून जागा हाय."

आपण दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी चुलीला पोतेरं देता देता तू भिंतीला टेकलीस ती टेकलीसच. खोकला होता, पण खोकल्यानं कोण मरतं, असं तूच सगळ्यांना सांगत होतीस.

खिळा मी आळसानं ठोकत नव्हतो असं तुला वाटायचं. खिळा ठोकला असता तर समोर नुसता आरसा राहिला असता. हे तू असताना सांगायला पाहिजे होतं. पण तू हसली असतीस आणि नदीवर धुणं धुताना बायकांना सांगितलं असतंस.

तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येतं असं कुणी म्हणणार नाही. दोन बुकं शिकलो, दुसऱ्या बुकात मास्तरांशी भांडून शाळा सोडली. तरी लिहितोय. तेराव्याला पानं मांडायच्या आधी हे आताच्या मास्तरांकडून मोठ्यानं वाचून घेणार आहे. तू गेल्यापासून ओट्यावर येऊन बसलेली माणसं म्हणताहेत, बाई सोशीक होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी मान खाली घालून ऐकतो आणि आतून पेटतो. तू सोशीक नव्हतीस. तू मला उलटून बोललीस, माझ्या भावाला बोललीस, गावाला बोललीस. मेलेल्या माणसाला गरीब गाय करून टाकायचं, म्हणजे ते काय बोललं ते विसरायला बरं. मी ते होऊ देणार नाही. काय बोललीस ते इथं लिहिणार.

यंत्र घरात आलं ते न्हाव्यामुळे. लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आपल्या न्हाव्यानं माझा एक गाल केला, दुसऱ्याला साबण लावला, तेवढ्यात पाटलाचं बोलावणं आलं. तो धोकटी उचलून "आलो हं" म्हणून गेला, तो दुपार झाली तरी येईना. मी तसाच उठलो आणि चालत कर्जतचा बाजार गाठला. दाढीचं यंत्र घेतलं, पात्यांची एक पुडी घेतली. घरी आलो तर तू दारातच हसत बसलीस. "आरध्या तोंडानं बाजार केलात? वाण्यानं वजन तरी पुरं दिलं का?" त्या दिवसापासून न्हाव्याला फक्त डोक्यापुरता बोलावला, दाढीला कधी नाही. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

पण पहिलं पातं म्हातारं झालं तेव्हा तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला आजही येत नाही. आपल्या घरात लोखंड कधी टाकलं जात नव्हतं. विळा बोथटला, कोयता बोथटला, नांगराचा फाळ झिजला, तर लोहाराकडे जायचा आणि धार घेऊन परत यायचा. न्हाव्याचा वस्तरा त्याच्या बापाचा होता. तू पातं हातात धरून म्हणालीस, "हे लोव्हाराकडं कवा न्यायचं?" मी म्हणालो, न्यायचं नसतं, टाकायचं असतं. तू ते नखावर हळूच ओढलंस. नख कापलं. "कापतंय की. कापतंय तर टाकायचं कशाला? आन् टाकायचं तर कापतंय कशाला?" मी म्हणालो दाढीला चालत नाही, एवढंच. काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला घासून मी त्याला पुन्हा पुन्हा धार लावून बघायचो, लढाईत पाती मिळत नव्हती म्हणून. शेवटी पेलाही कंटाळायचा. मग पातं कुंपणाच्या निवडुंगात जायचं.

निवडुंगात. हे मी ठळक लिहितो. उकिरड्यावर नाही.

माझं बघून सखारामानंही यंत्र घेतलं. माझा धाकटा भाऊ, लहानपणापासून माझ्या मागून जायची त्याला सवय. आमच्या वाटण्या झाल्या होत्या, चुली वेगळ्या झाल्या होत्या, पण उकिरडा एकच राहिला होता. दोन्ही घरचं शेण, राख, केर त्यातच पडायचं आणि शिमगा झाला की तेच खत दोघांच्या शेतात जायचं.

मग ती आषाढातली आवणी. बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या. तुझ्या शेजारी तुझी जाऊ, सखारामाची गंगू. चिखलात हात घातला आणि गंगूनं तो झटकन वर काढला. पाणी लाल झालं. सगळ्यांना वाटलं खेकडा चावला, कुणी हसलंही. तू हसली नाहीस. हात बघितलास आणि सगळ्या बायकांना बांधावर चढवलंस. एकटी खाली राहिलीस. बोटांनी चिखल चाळत चाळत, मेथी निवडतात तसा, तू ते शोधून काढलंस. शेणाच्या ढेपळात बसलेलं पातं. मी चिखलणीचे बैल सोडून पळत आलो तेव्हा ते तुझ्या तळहातावर होतं आणि पावसानं धुऊन लखलखत होतं.

गंगूचा हात हळद-चुन्यानं बांधला. तो पिकला, खूप दिवस चालला. तिची दोन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत.

आम्ही दोघं भाऊ ओट्यावर उभे राहून भांडलो ते तुला आठवत असेल. पातं तुझं, नाही तुझं. यंत्र आधी कुणी आणलं, उकिरड्यावर केर कोण टाकतं, कुणाच्या घरचं शेण जास्त. आईबापाच्या वेळचं सगळं बाहेर काढलं. तू आतून आलीस, पदराला हात पुसत, आणि दोघांच्या मधे उभी राहिलीस.

"कुणाचं का आसंना. आवणात हात बायकांचंच आसतात."

एवढंच बोललीस आणि आत गेलीस. आम्ही दोघं नांगर मोडल्यासारखे उभे. त्या वर्षी उकिरडेही वेगळे झाले.

सखारामासमोर विचारलं नाहीस ते मी समजू शकतो. पण घरात, जेवताना, आरसा धरताना, कधी तरी तू मला विचारशील असं वाटत राहिलं. तुमचं होतं का? एकदाही विचारलं नाहीस. मला वाटायचं तू मनात धरून बसलीयस. कधी वाटायचं तुला त्याची पर्वाच नाही, आणि त्याचा जास्त राग यायचा. आता तू विचारू शकत नाहीस, म्हणून न विचारता सांगतो. माझं नव्हतं.

त्यानंतर पाती ठेवायला काय काय करून पाहिलंस. आधी करवंटी घेतलीस, वळचणीला खोचलीस. कोंबडीनं उडी मारली आणि पाती अंगणात सांडली. मग वेळूची नळी कापून घेतलीस, तोंडाला चिंधीचं बूच. बरी चालली, पण चैत्राच्या उन्हात वेळू उभा चिरला आणि चिरेतून पाती बाहेर डोकावायला लागली. मग औषधाची रिकामी बाटली. तिच्या तोंडातून पातं जाईना, म्हणून तू चिमट्यात धरून मोडायला गेलीस, तर तुकडा उडून तुझ्या भुवईवर बसला. तू सापडलीस माझ्या तोंडात. तुला एवढं बोललो की शेजारचे बाहेर आले. रक्त पुसत तू म्हणालीस, "डोळा हाय ना जागंवर? मग वरडू नका. तोंड मोठ्ठं पायजे, पन उघडं नको, आसं भांडं कोनतं?" मी म्हणालो तू स्वतःच. तू हसलीस आणि भुवईतून पुन्हा रक्त आलं.

शेवटी तुझी नजर चहाच्या डब्यावर गेली. मी खोपोलीला रोजंदारीवर जायचो तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्याकडून मागून आणलेला, हिरवा, वर आगबोटीचं चित्र. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा लढाईच्या दिवसांत कुणाच्या घरी होता? त्यात तू गूळ ठेवायचीस. तो गूळ तू मडक्यात काढलास आणि डबा माझ्यापुढे ठेवलास. झाकणाला फट पाडून द्या. मी म्हणालो, डोकं फिरलं का तुझं. गुळाला मुंग्या आणि पात्यांना महाल? तू म्हणालीस, "गुळाला मुंग्या लागल्या तर मुंग्यांसकट खाऊ."

छिन्नी लावून मी फट पाडली. तू पातं आत टाकलंस आणि डबा सुपावर उपडा केलास. पातं बाहेर आलं. माझ्याकडे बघितलंस. मी फटीच्या कडा आतल्या बाजूला ठोकून वळवल्या, मासे धरायच्या खोईनला आतून काट्या असतात तशा, मासा आत शिरतो पण उलटा फिरत नाही. पुन्हा उपडा केलास, हलवलास, आपटलास. बाहेर आलं नाही. "आता खातो, पन वकत नाय," म्हणालीस. झाकणाच्या कडेला पुण्याच्या सडकेवरचं डांबर लावून मी ते कायमचं बसवलं. खालापूरच्या अलीकडे सडकेचं काम चालू होतं, तिथून नारळाच्या करवंटीत डांबर आणताना माझं धोतर गेलं ते गेलंच. त्या धोतराबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस, ती एकच वेळ.

घरचं एवढं झालं तरी तुला पुरेना. आपला उकिरडा साफ, पण पाणी बांधावरून सगळ्यांच्या शेतातून वाहतं, असं म्हणून तू घरोघरी जायला लागलीस. दर साली शिमगा झाला, खत उपसायचे दिवस आले की डबा काखेत मारून निघायचीस. तोवर गावात आणखी यंत्रं आली होती. "आली पातीवाली," पोरं ओरडायची. स्वराज्याचा झेंडा शाळेपुढे लावला त्या सकाळी गावातला एकूणएक पुरुष गुळगुळीत तोंडानं आला होता. मी मास्तरांचं भाषण ऐकत होतो आणि तू बायकांतून पुरुषांचे गाल बघत होतीस. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघालीस. कुणीच सांगू शकला नाही की माझ्याकडे पातं नाही.

मी संगती येतो म्हणालो होतो. तू नको म्हणालीस. "तुमी आलात की भांडान येतं तुमच्या मागं. ते दारात आलं की पातं कोन देतो?" मला ते लागलं होतं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

मग कुणी तरी भगताकडे जाऊन आलं आणि गावात बोलणं सुटलं. पुरुषांच्या तोंडाचे केस त्या पात्यांना चिकटलेले असतात. ते सगळे एका बाईच्या घरात, बंद डब्यात, झाकणाला काळं लावलेलं. कशासाठी गोळा करते ती? करणी हा शब्द तोंडावर कुणी बोललं नाही, पण दारं बंद व्हायला लागली. मी काठी घेऊन निघालो होतो. तू काठी काढून घेतलीस आणि त्या जागी स्वतःच्या हातात पाण्याचा तांब्या धरलास. ज्याच्या त्याच्या अंगणात उभी राहिलीस आणि म्हणालीस, पातं माझ्यासमोर धुवा.

"केस तुमचा तुमच्या आंगनात ऱ्हाऊ द्या. मला धार द्या."

लोकांनी पाती धुतली, दिली. काही हसले, पण दिली. सखाराम तेवढा राहिला. "वयनी, माझ्या तोंडाचं मी बघीन," म्हणाला. त्याच्या घरून एकही पातं डब्यात आलं नाही. तू दर साली त्याच्या अंगणात जायचीस, उभी राहायचीस आणि परत यायचीस. मला सांगायचीस, गंगू बरी आहे.

आपलं एक भांडण राहिलं आहे. डबा भरल्यावर करायचं काय? मी म्हणायचो नदीच्या डोहात सोडू. तू म्हणायचीस डोहात म्हशी बसतात. जमिनीत पुरू. नांगर काढील. डोंगराच्या कड्यावरून ढकलू. खाली गुरं चरतात. मी चिडायचो, मग करायचं काय?

"सांभाळायचं."

"कुठवर?"

"आपुन हाय तवर."

"आन् मग?"

"मग दुसरं कोन तरी."

हे कुणीतरी कोण, ते तू कधी सांगितलं नाहीस. आपली एकुलती लेक चौक गावी दिलेली, तिच्या घरी हा डबा कोण ठेवून घेणार? मी म्हणायचो, तुझ्यामाझ्या मागं हे भंगार रस्त्यात पडणार आणि गावातली पोरं त्यातनं आगबोट काढून घेणार. तू डबा हलवायचीस. अजून जागा हाय म्हणायचीस. आणि विषय संपवायचीस. असला विषय संपवणं मला कधी जमलं नाही.

यंदा खत उपसायचे दिवस आले तरी तू निघाली नव्हतीस. खोकला थांबला की जाते, म्हणालीस. त्याच दिवशी गेलीस.

अंगणात तिरडी बांधत होते. लेकीला निरोप गेला होता. मी तुझ्या उशाशी बसलो होतो आणि सखाराम आत येऊन कोनाड्यातून डबा घेऊन गेला हे मी बघितलं, पण मला कळलं नाही. बाहेर आलो तर डबा फडक्यात बांधून तिरडीच्या कडेला ठेवलेला.

"दादा, हे तिच्यासंगं जाऊ दे," सखाराम म्हणाला. हळू बोलला, पण चारचौघं ऐकत होते आणि ऐकायलाच उभे होते. "आख्ख्या गावाचं केस हायत त्यात. ती व्हती तवर ठीक. आता ती न्हाय आन् डबा हाय, कुनाला बरं वाटंल? आगीत धार बी जाईल. तिचं तिला मिळंल."

मला पहिल्यांदा वाटलं, बरोबर आहे. खरं सांगतो. तुझा डबा तुझ्यासोबत, संपलं आपलं भांडण. डोह नको, नांगर नको. मी मान हलवणार होतो. आणि मग कुठून आलं कोण जाणे, मी म्हणालो, "राख सावडायला हात कुनाचं, सखाराम?"

त्यानं फडक्याची गाठ चाचपली.

"तिसऱ्या दिवशी राखंत हात घालायचा, तुझा न् माझा. आगीत धार गेली का ऱ्हायली ते आपल्या बोटांनी बघायचं? आन् ती राख नदीत सोडायची, जिथं तुझी गंगू धुनं धुती?"

मी बोललो आणि माझ्याच कानावर तुझं बोलणं आलं. इतकी वर्षं मी ज्याच्याशी भांडत होतो तेच माझ्या तोंडातून निघालं, आणि तूच तेवढी ऐकायला नव्हतीस. तू ऐकलं असतंस तर किती दिवस मला छळलं असतंस.

मी फडकं सोडलं, डबा काखेत घेतला. कुणी तरी म्हणालं, म्हातारा भ्रमला. भ्रमला तर भ्रमला. एका हातात विस्तवाचं मडकं, दुसऱ्या काखेत आगबोटीचा डबा, असा मी तुझ्यापुढे चाललो. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत माणसं बघत होती. मला चांगलं दिसत होतं की बघताहेत. डबा मी फडक्यात गुंडाळला नाही. अग्नी देताना तेवढा जवळच्या दगडावर ठेवला आणि परत येताना उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर देवळाकडच्या घरांतून फावड्या-पाट्यांचा आवाज येत होता. खत उपसायला सुरुवात झाली होती. ओट्यावर येऊन मी सवयीनं गालावरून हात फिरवला. सुतकात दाढी करायची नसते. आरसा आत उलटा करून ठेवला होता, तो तसाच ठेवला. खिळा सापडला, तोही तसाच ठेवला. डबा घेतला आणि निघालो.

सुतकात कुणाच्या दारी जाऊ नये हे मला कुणी शिकवायला नको. मी दारात गेलो नाही. देवळाजवळच्या पहिल्या घराच्या अंगणाबाहेर उभा राहिलो. घरधनी पाटी टाकून पुढे आला आणि तिथंच थांबला. म्हणाला, दादा, तुला काही कळतं का, कालच तर...

"शिवू नको मला," मी म्हणालो. "डब्यालाबी शिवू नको. हितं ठेवतो आन् मागं सरतो. पाणी तुझं, तांब्या तुझा. धू आन् वरनं सोड."

तो बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. फटीतून पातं टाकायला डब्याला हात लावायला लागत नाही. सुतक असो नसो, शिवाशिव होत नाही. हे माझ्या लक्षात काल स्मशानातून येताना आलं होतं. तुझ्या लक्षात कधी आलं होतं, का नव्हतंच, ते विचारायचं राहिलं. तो आत गेला, ओसरी-पडवीत शोधाशोध झाली, आणि मग त्यानं वाकून, डब्यापासून अंग राखून, पातं सोडलं. आत वाजलं.

पुढच्या घरात मिळालं. त्याच्या पुढच्यानं दार लावून घेतलं. मी उभा राहिलो, तू राहायचीस तेवढा वेळ, आणि पुढे गेलो. एक म्हातारी म्हणाली, बायकोच्या मागं बायकोचं काम करतोस, लाज नाही? मी म्हणालो, नाही.

मग सखारामाचं अंगण. त्याला तर सुतक माझ्याइतकंच, आत जायला हरकत नव्हती. पण मी तिथंही बाहेर थांबलो. तो ओट्यावर बसला होता, रात्रभर झोपला नसावा. त्याला सांगायला मी पुष्कळ घेऊन आलो होतो. वाटेत शब्द लावून ठेवले होते, निवडुंगापासून सगळे. तुझं बोलणं आठवलं, भांडण माझ्या मागून येतं आणि दारात आलं की पातं कोण देतो. डबा खाली ठेवला. मागे सरलो. तोंड मिटून उभा राहिलो. मला किती जड गेलं ते फक्त तुला कळेल.

सखारामानं माझ्याकडे बघितलं आणि नजर उकिरड्याकडे वळवली. तो उठला नाही.

आतून गंगू आली. मी तिचा थोरला दीर, ती माझ्याशी लग्नापासून एक शब्द बोललेली नाही, बोलायचा रिवाजच नाही. डोक्यावरून पदर ओढून, माझ्याकडे पाठ येणार नाही अशी वळून, ती डब्याजवळ आली आणि बसली. तिच्या हातात मिसरीची डबी होती, तिची रोजची नव्हे, जुनी गंजलेली. तिनं झाकण काढलं. आत मिसरी नव्हती. पाती होती. गंगूनं एक एक पातं त्या न मिटणाऱ्या दोन बोटांत धरून फटीत सोडायला सुरुवात केली.

"ही कुठनं आणलीस गं?" सखाराम म्हणाला. ती पाती सोडत राहिली. तो ओट्यावरून खाली उतरला, तिच्या हाताकडे बघत. मग त्याला कळलं असावं, की इतकी वर्षं त्यानं उकिरड्यावर टाकलेलं एकही पातं उकिरड्यात राहिलेलं नाही. तो घरात गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. तांब्या तिच्याजवळ ठेवला. ठेवून तिथंच उकिडवा बसला.

तू दर साली परत येऊन सांगायचीस, गंगू बरी आहे. तुला माहीत होतं ना?

डबी रिकामी झाली. गंगूनं ती उलटी करून आपटली, पदरानं पुसली आणि आत गेली. मी पुढे होऊन डबा उचलला. कानाशी नेला. हलवला.

सखाराम वर बघत होता.

"अजून जागा हाय," मी म्हणालो, आणि पुढच्या अंगणाकडे निघालो.